तुम्ही विचारलंत म्हणून: दातांच्या डॉक्टरचे कर्करोगाशी काय काम?

लग्नाच्या मांडवात, चवथीला घरी आलेल्या पाहुण्यांकडून आणि वैद्यकीय परिषदांमध्ये जेवणाच्या रांगेतही मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तुम्ही दातांच्या डॉक्टर ना? मग कर्करोगाच्या रुग्णांवर कसले संशोधन करता?" विचारणाऱ्याची समजूत साधारण अशी असते की दंतवैद्याला तोंडात काही संशयास्पद दिसले, त्याने तुकडा तपासायला पाठवला, अहवाल आला, की त्याचे काम संपले, पुढचे पाहायला शस्त्रक्रिया करणारे, किरणोपचार देणारे आणि औषधे देणारे डॉक्टर आहेतच. प्रश्न रास्त आहे. मांडवात त्याचे उत्तर धड देता येत नाही, म्हणून ते इथे लिहिते आहे.

मी कर्करोगावर संशोधन करत नाही. कर्करोगावरच्या उपचारांमुळे तोंडाची जी दशा होते, तिच्यावर करते. उपचार सुरू होण्यापूर्वीचे दोन-तीन आठवडे आणि उपचार संपल्यानंतरचे उरलेले सगळे आयुष्य, हा माझ्या कामाचा मुख्य काळ. मधल्या काळात रुग्ण इतरांच्या हाती असतो आणि मी मदतनीस असते. गोव्यात तर ही विभागणी अधिकच ठळक होते, कारण इथले बरेच रुग्ण किरणोपचारांसाठी मुंबईला किंवा शेजारच्या राज्यांतील इतर शहरांत जात आले आहेत. ते जाण्यापूर्वी आम्हाला दिसतात आणि परतल्यावर दिसतात.

तोंडच का सोसते, हे आधी सांगायला हवे. गालांच्या आतले, जिभेवरचे आणि टाळूवरचे नाजूक अस्तर एक-दोन आठवड्यांत नव्याने तयार होत असते. भराभर विभागणाऱ्या पेशींना मारणारे औषध अर्बुद, म्हणजे कर्करोगाची गाठ, आणि हे अस्तर यांत भेद करत नाही. किरणांचे तर लक्ष्यच डोके आणि मान असेल तर तोंड त्यांच्या वाटेवरच येते. नेहमीच्या किमोथेरपीत सुमारे ४० टक्के, अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वीच्या तीव्र उपचारांत सुमारे ८० टक्के, आणि डोके-मानेच्या किरणोपचारांत जवळजवळ प्रत्येक रुग्णाचे तोंड येते. तोंड येणे हा आपला नेहमीचा शब्दप्रयोग इथे तोकडा पडतो, कारण पित्ताने आलेले तोंड आणि हे यांत फार अंतर आहे. वरचे अस्तर थेट जळते आणि जखमा होतात, इतकाच या घटनेचा उलगडा पूर्वी केला जात असे. अमेरिकेतील संशोधक स्टीफन सोनिस यांनी १९९८ मध्ये आणि पुढे २००४ मध्ये सुधारून जी मांडणी केली, तिने हे चित्र पालटले. बिघाड आधी अस्तराखालच्या थरात होतो, तिथे दाहाचे संदेश एकमेकांना वाढवत नेतात, आणि वर जखम दिसते तेव्हा आत बरेच काही घडून गेलेले असते. डोळ्यांना काही दिसेपर्यंत थांबणारा डॉक्टर उशिराच पोचतो, हे त्यातून निघणारे सरळ अनुमान होते.

किरणोपचार बहुतेक वेळा रोज २ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) याप्रमाणे, आठवड्यातून पाच दिवस, एकूण ६० ते ७० ग्रे होईपर्यंत चालतात. म्हणजे सहा ते सात आठवडे. पाचव्या आठवड्यातला रुग्ण खुर्चीत बसतो तेव्हा तोंड उघडण्याआधीच बरेच कळते. हातात टॉवेल असतो, कारण लाळ दाट आणि तारेसारखी झालेली असते आणि ती गिळता येत नाही. ओठांचे कोपरे चिरलेले असतात. आरसा आत घातला की तो ओल्या अस्तरावरून सरकत नाही, चिकटतो. मऊ टाळूवर, जिभेच्या कडांवर आणि गालांच्या आतल्या बाजूस पिवळट-पांढरा पापुद्रा असतो आणि त्याच्या कडा लालबुंद दिसतात. कापसाच्या बोळ्याने तो टिपायला गेले की रक्त येते, म्हणून आम्ही टिपत नाही. पाण्याचा घोट घ्यायला सांगितला, तर घोट तोंडात असतानाच रुग्णाचे खांदे वर उचलले जातात. गिळण्याच्या वेदनेची ती आगाऊ तयारी असते. नातेवाईक सांगतात, "पेजसुद्धा जात नाही." जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७९ च्या श्रेणीनुसार केवळ पातळ पदार्थ घेता येणारा रुग्ण तिसऱ्या पायरीवर असतो, आणि तोंडावाटे काहीच न घेता येणारा चौथ्या. उकड्या तांदळाच्या पेजेवर आलेला माणूस तिसऱ्या पायरीवर आहे, हे आमच्याकडच्या विद्यार्थ्यांना पुस्तकाशिवाय समजते.

या टप्प्यावर उपचार थांबवावेत असे रुग्णाला वाटते आणि कधी कधी डॉक्टरांनाही तसे करावे लागते. डोके-मानेच्या कर्करोगात किरणोपचारांत पडलेल्या प्रत्येक दिवसाच्या खंडामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते, असा अंदाज आहे. तोंडाची जखम हा सोयी-गैरसोयीचा विषय नाही, तो कर्करोग बरा होण्याचा विषय आहे, हे वाक्य मी कारकिर्दीच्या सुरुवातीला निधी देणाऱ्या समित्यांपुढे इतक्या वेळा म्हटले आहे की आता त्याचा मलाच कंटाळा येतो. तरी म्हणावे लागते.

मी या विषयाकडे वळले तेव्हा भारतातल्या दंतवैद्यकीय संशोधनाचा ओघ दुसरीकडे होता. तो चुकीचा होता असे मुळीच नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून तंबाखू आणि तोंडातील कर्करोगपूर्व विकार यांचा जो अभ्यास केला, त्याला जगात तोड नव्हती. त्यांच्या गटाने १९७६ मध्ये गोव्यातील ५,४४९ ग्रामस्थांच्या तपासणीवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता उलटी धुमटी, म्हणजे तंबाखूची वळलेली चिरूट जळते टोक तोंडात धरून ओढण्याची सवय. जुन्या पिढीतल्या बायकांमध्ये ही सवय होती आणि टाळूवर तिचे व्रण दिसत. साहजिकच माझ्या बरोबरीचे पदव्युत्तर विद्यार्थी कारणांकडे वळले: पांढरे चट्टे, सुपारीमुळे होणारा, गाल आवळत नेणारा तंतुमयता विकार, मिश्री, गुटखा. कर्करोग झाल्यावर आणि त्यावर उपचार झाल्यावर त्या तोंडाचे काय होते, हे कोणाच्याच वाट्याला येत नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९८९ च्या एप्रिलमध्ये या विषयावर एकमत परिषद भरवली होती आणि उपचारांपूर्वी प्रत्येक रुग्णाची दंततपासणी व्हावी असे तिने स्पष्ट म्हटले होते. ते टिपण मी ग्रंथालयात वाचले, आणि बाह्यरुग्ण विभागात मात्र किरणोपचार घेऊन वर्षभराने परतलेले रुग्ण दिसत होते, ज्यांचे दात हिरडीलगत कापल्यासारखे तुटलेले होते. विषय निवडण्यास एवढे पुरेसे होते.

आता त्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांविषयी, कारण माझ्या मते सगळ्यांत अवघड निर्णय तिथे असतो. किरणोपचार झालेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड स्वतःला दुरुस्त करण्याची शक्ती गमावते. अशा जबड्यातला, विशेषतः खालच्या जबड्यातला, दात नंतर काढला तर जखम भरत नाही, हाड उघडे पडते आणि मरू लागते. अमेरिकेतील जबड्याचे शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ मध्ये या हाडमृत्यूची जी कारणमीमांसा केली, तिच्यात प्राणवायूचा अभाव केंद्रस्थानी होता. म्हणून दाबाखालच्या प्राणवायूच्या कोठडीत रुग्णाला बसवण्याची पद्धत रुजली. पुढे ब्रिटनमधून चालवलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या होपोन चाचणीत किरणोपचार झालेल्या खालच्या जबड्यावर दात काढण्यासारखी शस्त्रक्रिया करावी लागलेल्या रुग्णांचे दोन गट केले गेले. प्राणवायू मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत हाडमृत्यूचे प्रमाण सुमारे सहा टक्केच निघाले. खर्चिक कोठडी परवडत नाही म्हणून वर्षानुवर्षे अपराधी वाटून घेणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या निबंधाने मोठा दिलासा दिला, हे लपवण्याचे कारण नाही.

यावर खरा उपाय एकच: जो दात पुढे त्रास देणार, तो किरणोपचार सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे, शक्यतो तीन आठवडे आधी काढणे. पण कोणता दात पुढे त्रास देणार? पेडण्याहून आलेले, साठीतले गृहस्थ विचारतात, "डॉक्टरबाई, दाढ हलत नाही, दुखत नाही, मग काढायची कशाला?" क्ष-किरणचित्रात त्या दाढेच्या मुळाशी हाड निम्मे झिजलेले असते. पाश्चात्त्य मार्गदर्शिका सांगतात की नियमित देखभाल करणाऱ्या रुग्णाचा असा दात ठेवता येईल. पुढची पाच वर्षे दर तीन महिन्यांनी हे गृहस्थ बांबोळीला, आमच्या रुग्णालयात, येतील का, हे मार्गदर्शिका सांगत नाही. आमच्याकडे सत्तरी, काणकोण या दूरच्या तालुक्यांतून, सीमेपलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीतूनही रुग्ण येतात. मला असे वाटते की दात ठेवावा की काढावा हे ठरवताना बसची वेळ, घरी सोबत येणारे कोण आहे आणि आजवर हा माणूस दंतवैद्याकडे किती वेळा गेला आहे, या गोष्टी क्ष-किरणचित्राइतक्याच वजनाच्या आहेत. काही सहकाऱ्यांना हे अशास्त्रीय वाटते. त्यांच्याशी माझा वाद चालू आहे.

लाळेकडे वळते, कारण माझ्या संशोधनाचा सर्वाधिक काळ लाळेत गेला. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती असेपर्यंत तिची आठवण कोणाला येत नाही. कानाखालच्या लाळग्रंथीवर सरासरी २६ ग्रेच्या वर मात्रा पडली की ती ग्रंथी फारशी सावरत नाही. त्यामुळे ग्रंथीला वगळून किरण वळवण्याचे तंत्र आले, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्स्पोर्ट चाचणीत वर्षभरानंतर तोंड लक्षणीय कोरडे राहिलेल्यांचे प्रमाण जुन्या तंत्रात ७४ टक्के आणि नव्यात ३८ टक्के आढळले. या साऱ्या प्रवासातली ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी सुधारणा, आणि तिचे श्रेय दंतवैद्यांकडे नाही, किरणोपचार करणाऱ्यांकडे आहे. पिलोकार्पिनच्या गोळ्यांनी लाळ थोडी वाढते, पण घामही वाढतो, आणि गोव्याच्या मे महिन्यात ही गोळी चालू ठेवणारा रुग्ण मला क्वचितच भेटला.

लाळ मोजण्याची पद्धत ऐकून लोक हसतात. रुग्णाने खाली मान घालून पाच मिनिटे बसायचे, काही चघळायचे नाही, बोलायचे नाही, आणि तोंडात जमेल ते मापनळीत सोडायचे. मिनिटाला ०.१ मिलिलिटरपेक्षा कमी आले तर ती लाळ अपुरी. किरणोपचारांनंतर पाच मिनिटांनी नळीत कधी कधी एक फेसाळ ठिपका असतो. तरीही काही रुग्ण कोरडेपणाच्या प्रश्नावलीत फारशी तक्रार नोंदवत नाहीत, हे मला बराच काळ कोड्यात टाकत होते. जगभर वापरल्या जाणाऱ्या अशा एका प्रश्नावलीत घास गिळताना पातळ पदार्थाचा घोट घ्यावा लागतो का, कोरडे पदार्थ खाताना अडचण येते का, असे प्रश्न असतात. आमचा रुग्ण दोन्ही वेळ भात आणि हुमण, म्हणजे माशांची पातळ आमटी, जेवतो. त्याचा प्रत्येक घास मुळातच ओला असतो, मग वेगळा घोट कशाला घ्यावा लागेल? त्याला "चहाशिवाय सुका पाव खाता येतो का?" असे विचारले की खरे चित्र समोर येते. आमच्या संशोधनातली ही भर लहान आहे, पण ती बाहेरून आयती मिळण्यासारखी नव्हती.

लाळ गेली की दातांना कीड लागते, आणि ती नेहमीच्या जागी लागत नाही. एरवी खालचे पुढचे दात सतत लाळेत बुडालेले असल्याने सर्वांत सुरक्षित असतात. किरणोपचारांनंतर नेमके तेच, हिरडीलगत आणि टोकांशी, काही महिन्यांत तपकिरी होऊन ठिसूळ होतात. यावर आम्ही दातांचा ठसा घेऊन मऊ प्लास्टिकची पातळ खोळ बनवतो. ती हिरडीच्या कडेपर्यंत नेमकी बसावी लागते. सैल राहिली तर औषध बाहेर येते, घट्ट झाली तर सोललेल्या हिरडीला लागते. तिच्यात सोडियम फ्लोराइडची जेल घालून रोज रात्री पाच ते दहा मिनिटे लावायची. जेल आम्लधर्मी नको, उदासीन हवी, नाहीतर कोरडे तोंड भाजते. हे काम आयुष्यभराचे आहे, आणि सुरुवातीची चिकाटी वर्षभरात ओसरते. रुग्णाला दोष देण्यात अर्थ नाही; कर्करोगातून वाचलेल्या माणसाला रोज रात्री कर्करोगाची आठवण करून देणारी वस्तू आम्ही देतो आहोत.

"मग संशोधनातून औषध काय निघाले?" हा पुढचा प्रश्न. थोडे निघाले, आणि त्यातले काही फारच साधे आहे. फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल हे किमोथेरपीचे औषध एकदम शिरेत दिले जाते तेव्हा अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे धरले, तर रक्तवाहिन्या आकसतात, औषध अस्तरापर्यंत कमी पोचते, आणि ते रक्तातून लवकर नाहीसे होत असल्याने तेवढा वेळ पुरतो. मेलफॅलान या दुसऱ्या औषधाच्या मोठ्या मात्रेतही याचा उपयोग होतो. मात्र ऑक्झालिप्लॅटिन हे किमोथेरपीचे औषध घेणाऱ्याला थंडाने चेतातंतूंचा त्रास होतो, म्हणून त्याला बर्फ द्यायचा नाही. किरणोपचारांत मध्यम मात्रेपर्यंत बेन्झिडामिनच्या गुळण्या आणि मंद शक्तीच्या लेसरचा प्रकाश यांना आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकांनी मान्यता दिली आहे. लेसरवरचे एक महत्त्वाचे काम आपल्या शेजारी, मणिपालला झाले. उलट, तोंडाच्या प्रत्येक तक्रारीवर सवयीने लिहिली जाणारी क्लोरहेक्झिडिनची गुळणी या जखमा टाळत नाही, हे सिद्ध होऊनही ती चिठ्ठ्यांवरून जायला तयार नाही. मी विद्यार्थ्यांना सांगते, पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ घालून दिवसातून अनेकदा खुळखुळवायला सांगा. निदान अपाय नाही आणि दुकानात जावे लागत नाही. २०२० च्या मार्गदर्शिकेत मधाचाही अनुकूल उल्लेख आला, तेव्हा आमच्या ओळखीतल्या सगळ्या आज्या खूश झाल्या. कोरड्या तोंडात मध म्हणजे दातांना साखर, हे त्यांना सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

हाडांत पसरलेल्या स्तनाच्या किंवा पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगात दिल्या जाणाऱ्या झोलेड्रोनिक आम्लासारख्या औषधांनीही जबड्याचे हाड उघडे पडू शकते. मार्क्स यांनीच २००३ मध्ये ३६ रुग्णांविषयीच्या एका पत्रात त्याकडे लक्ष वेधले. इथेही नियम तोच: इंजेक्शन सुरू होण्यापूर्वी दात पाहून घ्यावेत.

सध्या माझे लक्ष तोंडाच्या उघडझापीकडे आहे. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधील अंतर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी झाले की तोंड कमी उघडते असे धरावे, ही मर्यादा डच संशोधकांनी २००६ मध्ये सुचवली आणि ती सर्वत्र वापरली जाते. पण आमचे अनेक रुग्ण सुपारी आणि गुटख्यामुळे किरणोपचारांपूर्वीच त्या मर्यादेखाली असतात. गोव्याने गुटख्यावर २००५ सालीच बंदी घातली असली, तरी त्याआधी खाल्लेल्याचे परिणाम गालांत राहतात. आधीच आवळलेल्या गालावर किरणांचा व्रण चढला की किती मिलिमीटर जातात, व्यायामाने किती परत मिळतात, आणि तो व्यायाम केव्हा सुरू करावा, हे पाश्चात्त्य आकड्यांवरून ठरवता येत नाही. व्यायामाचे साधन म्हणजे आइसक्रीमच्या काड्यांची जुडी. दातांमध्ये धरायची आणि सहन होईल तशी एकेक काडी वाढवायची. महागडी यंत्रे आहेत, पण गावी परतलेल्या रुग्णाच्या हाती काड्याच असतात, म्हणून अभ्यासही काड्यांचाच करते.

अशा अभ्यासांत एक मोठी अडचण आहे, आणि निबंधांत ती एका ओळीत उरकली जाते. वर्षभराने मोजणीसाठी येतात ते जिवंत असलेले, प्रवास झेपणारे आणि घरी कोणीतरी सोबतीला असलेले रुग्ण. ज्यांचे तोंड सर्वांत वाईट आहे ते येत नाहीत, त्यामुळे आमची सरासरी वास्तवापेक्षा बरी दिसते. यासाठी आम्ही फोनवर विचारता येतील असे मोजके प्रश्न तयार करत आहोत, "तोंडात किती बोटे उभी मावतात?" हा त्यांपैकी एक. त्याची उत्तरे मोजपट्टीशी कितपत जुळतात, ते तपासणे चालू आहे.

या सगळ्यात वाचकांना करण्यासारखे एक काम आहे. घरात कोणाचे डोके-मानेचे किरणोपचार झाले असतील, तर त्या रुग्णालयाने दिलेला कागद, ज्यावर एकूण मात्रा आणि कोणत्या भागावर किती पडली ते लिहिलेले असते, तो जपून ठेवा. हाडमृत्यूचा धोका पाच वर्षांनी किंवा पंधरा वर्षांनीही संपत नाही, आणि तेव्हा दाढ दुखू लागली की खुर्चीजवळच्या डॉक्टरला ती दाढ किरणांच्या पट्ट्यात होती की बाहेर होती, हे त्या कागदावरूनच ठरवावे लागते.